नवा शब्द येईस्तोवर

२१ ऑक्टोबर १९९३, गुरुवार

मी बानाबाई. बोलणार मी, लिहिणार माझी नात प्रयाग. हिला कंपनीतून गेल्या सालची एक कोरी डायरी फुकट मिळाली आणि ही ती चुलीत घालायला निघाली होती. मी म्हटलं, थांब. तुझं मशीन तू सांगशील ते लिहून ठेवतं, मग माझं कुणी लिहून ठेवायला नको? मला अक्षर येत नाय, पण संशय येतो. तो ठेवायला कुठंतरी जागा पाहिजे.

अट अशी, की हे सुनेनं वाचायचं नाय. कस्तुराला वाचता येतं, तेवढंच तिचं वाईट आहे. प्रयागी म्हणते, "आजी, माझ्या आईबद्दल माझ्याच हातानं?" मी म्हटलं, हात तुझा, तोंड माझं. दुसरी अट हिची. मी बोलते तसंच लिहिलं तर कागदाला कळायचं नाय, म्हणून ही भाषा जराशी सरळ करणार. कर बाई. माझा अर्थ तेवढा सरळ करू नको.

तर पहिला संशय. प्रयागी उन्हाळ्यात इथंच, चितेगावच्या रबराच्या कंपनीत लागली. अजून कायम केलेली नाय. तिथं काचेची एक थंड खोली आहे, आत संगणक बसवलाय, आणि त्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागतात. का, म्हणून विचारलं तर म्हणते, धूळ जाते. धूळ तर पिठाच्या गिरणीतही जाते, तिथं कुणी चपला काढतं का? चपला काढायच्या, हळू बोलायचं, आत थंडगार, आणि जायला ठरावीक माणसंच. आमच्या खंडोबाच्या गाभाऱ्यात याहून वेगळं काय असतं? तिथं देव बसवलाय आणि गरिबाला सांगत नायत.

दुसरा संशय. त्या खोलीत हिच्याबरोबर अप्पाराव नावाचा एक पोरगा असतो. मुकुंदवाडीचा, जयभीमवाला, चांगला शिकलेला. दोघं मिळून मशीनला शिकवतात. प्रयागी सांगते, तो चपला काढतो पण हात जोडत नाय. देवाच्या दारात चपला काढून हात न जोडणाऱ्या माणसाला आत नक्की काय पाहिजे?

आजच्यापुरतं बास. भूकंप झाल्यापासून माझा जमिनीवरही भरवसा नाय, तर माणसावर कुठून ठेवू.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

आज प्रयागी फुरंगटून आली. अप्पारावाशी वाजलं होतं. कशावरून, ते मी खोदून खोदून काढलं.

कंपनीत दोन तऱ्हेचा माल निघतो. मोटारीखाली बसवायचे रबरी गट्टू आणि औषधाच्या बाटलीची बुचं. गट्टू कडक पाहिजे, बूच मऊ पाहिजे. एक यंत्र माल दाबून बघतं आणि आकडा सांगतं. गट्टूचा आकडा हद्दीच्या वर गेला तर माल चांगला. बुचाचा आकडा हद्दीच्या खाली राहिला तर चांगला. हे ताडून बघायला मशीनला दोन चिन्हं आहेत. तिनं कोळशानं फरशीवर काढून दाखवली. मला तर चिमणीच्या चोची दिसल्या. एक इकडं वासलेली, एक तिकडं. एक म्हणजे 'मोठं पाहिजे', दुसरी म्हणजे 'लहान पाहिजे'.

"मग यात भांडण कशाचं?"

"बाकीचे लोक चिन्ह प्रोग्रॅमच्या आतच लिहून टाकतात, आजी. मग गट्टूचा प्रोग्रॅम वेगळा, बुचाचा वेगळा. आम्ही एकच लिहिलाय. चिन्हाची जागा मोकळी ठेवली. माल समोर आला की मशीनच विचारतं, आज मोठं बघू का लहान? बसलेला माणूस त्या वक्ताला त्या चोचीचं बटण दाबतो."

हे तर मी जन्मभर केलंय! मेंढरं कोंडायची जाळी असते, वाघूर म्हणतात, तिच्या तोंडाशी मी काठी आडवी धरून उभी राहायची. प्रयागीचा आजा लांबून ओरडायचा, 'वरची!' की ज्यांची पाठ काठीच्या वर जाते ती बाहेर सोडायची, गिऱ्हाईक आलेलं असायचं. ओरडला 'खालची!' की काठीखालून जाणारी कोकरं बाहेर, ती आयांकडं प्यायला. काठी तीच, मेंढरं तीच, मी तीच. वरची का खालची, हे काठीला आधी ठाऊक नसतं.

प्रयागी इतकी खुश झाली की कोळशाचाच हात गालाला लावून घेतला. मग हळूच विचारती, "आणि आजा काही बोललाच नाही तर?"

"तर काय! काल बोलला तेच आज. नवा शब्द येईस्तोवर जुना शब्द चालतो. मेंढक्याची रीतच आहे ती. दर वेळी थांबून विचारत बसलं तर मेंढरं जाळी तोडून जातील."

"बघ! मी हेच म्हणत होते. बटण दाबलं गेलं नाही, तर आधीचं चिन्ह धरून पुढं चालायचं. अप्पाराव म्हणतो, नाही, थांबायचं. उत्तर आल्याशिवाय मशीननं हलायचंच नाही."

"तो कधी मेंढरामागं गेलाय का?"

"नाही."

"मग झालं तर."

उद्या ती माझी रीत मशीनला शिकवणार आहे. थांबायचं म्हणे! बसून खाणाऱ्याच्या डोक्यातून निघालेली गोष्ट.

२३ ऑक्टोबर, खंडेनवमी

कंपनीत आज झाडून सगळ्या यंत्रांना हार घालतात, पण त्या थंड खोलीत फुलाची पाकळी नेऊ देत नायत. ज्याच्यासाठी चपला काढायच्या त्यालाच उपाशी ठेवायचं. मी सकाळीच फडक्यात भंडारा बांधून दिला, आपल्या इथल्या सातारा गावच्या खंडोबाचा, अस्सल हळदीचा. आणि छोट्या बाटलीत नारळाचं पाणी, वर गूळ विरघळवून. म्हटलं, ज्या बटणांवर बोटं चालवतीस त्यांच्यावर आधी भंडारा, मग पाणी शिंपड.

"आजी, त्यानं बिघडतं ते."

"खंडोबाच्या भंडाऱ्यानं बिघडलेली एक तरी वस्तू दाखव."

तिनं फडकं पिशवीत टाकलं.

संध्याकाळी आल्या आल्या विचारलं, टाकलास का?

"टाकला."

"किती?"

"चिमूटभर."

"चिमटीनं देवाला काय समजणार! आणि पाणी?"

"ते जरा जास्तच पडलं. बटणांच्या फटीत गेलं. पुसलं मी."

"त्या अप्पारावानं बघितलं?"

"तो नव्हता. उद्या त्यांचा दीक्षेचा दिवस, त्याच्या तयारीला रजा घेतली होती."

म्हणजे देवाला भंडारा लागला तेव्हाच नेमका हा नव्हता. लिही. खाली रेघ मार.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी झाली. करंज्या चांगल्या झाल्या. कस्तुरानं केल्या, हे लिहायची गरज नाय.

आज मात्र बातमी आहे. औषधवाल्यांनी बुचांची गाडी परत पाठवली. बुचं कसली, दगड! आणि इकडं गोदामात बाद म्हणून टाकलेली बुचं लोण्यासारखी मऊ. म्हणजे चांगलं ते बाद झालं आणि बाद ते चांगलं म्हणून गेलं. तात्यासाहेब, म्हणजे प्रयागीचे वरचे साहेब, लई तापले. त्यांच्यासमोर प्रोग्रॅम चालवून दाखवला तर सगळं बरोबर. त्यांची पाठ फिरली, दुसरा माल आला, की परत उलटं. कधी बरोबर, कधी उलटं.

हे यंत्राचं काम नव्हे. यंत्र बिघडलं की बिघडलेलं राहतं. कधी चालायचं आणि कधी बसायचं हे बैलाला सुचतं, कारण त्याला मन असतं. इथं कुणाचंतरी मन आहे.

संशयितांची नावं मांडायला सांगितली. पहिलं अप्पाराव. प्रयागीचा हात थांबला. "का पण?" लिही म्हटलं ना. दुसरं तात्यासाहेब, कारण एवढं ओरडणाऱ्याच्या मनात काहीतरी असतंच. तिसरं कस्तुरा.

"आईचा काय संबंध?"

"लागंल कधीतरी. नाव असू दे."

७ डिसेंबर, मंगळवार

काल सहा डिसेंबर. अप्पारावानं बाबासाहेबांना अभिवादन करायला रजा टाकली होती. शहरात सगळीकडं नामांतराच्या घोषणा चालल्यात म्हणे. आणि कालच कंपनीत बुचांची आणखी एक गाडी परत आली. तो माल मागं तपासला गेला, त्या दिवशी मशीनवर अप्पाराव बसला होता.

आज तो कामावर आला तर तात्यासाहेबांनी चपला काढायच्या आधीच अडवलं. सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्हाला विद्यापीठाचं नाव बदलायचंय ते बदला. इथं मालाची नावं बदलू नका. मुद्दाम करताय हे." त्याला घरी बसवलंय. चौकशी करणार, आणि त्याच्यावर आलं तर नोकरी गेली, वर पोलिसातही देणार. घरात तो एकटाच मिळवता. आई भामाबाई थकलेली.

हे सांगताना प्रयागी नीट जेवली नाय. मी म्हटलं, "मी तर आधीच नाव लिहून ठेवलं होतं."

हिनं ताट सारलं. "तुला काय माहीत, आजी! मला सगळं त्यानं शिकवलं. त्याच्या हातून उलटं होणार नाही."

"मग कुणाच्या हातून होतंय?"

ही ताट उचलून मोरीत गेली.

नामांतर, नामांतर, पंधरा वरसं ऐकते. नाव बदलल्यानं कुणाची भाकर मोठी होती? असं मी म्हटलं आणि लिहायला सांगितलं. ही म्हणाली, "लिहिलंय. पण हे कधीतरी मी तुला वाचून दाखवणार आहे." तोंडाळ झाली पोरगी.

११ डिसेंबर, शनिवार

आज ही लिहायला बसली आणि मला तिची बोटं दिसली. टोकं पिवळी. नखांच्या कडांनाही पिवळं.

"हे काय गं?"

"हळद. डब्यातली भाजी सांडली."

आज डब्यात भाजी नव्हती. ठेचा होता, तो मीच वाटला. पण मी बोलले नाय. इथं मात्र लिही, बोटं पिवळी. हात थांबला. लिही.

हळद कुठली? भाजीची नायतर लग्नाची. भाजी तर नव्हती. शहरात म्हणे कचेरीत जाऊन सह्या करतात आणि नवरा-बायको होऊन बाहेर येतात, वाजंत्री नाय की अक्षता नाय. आणि तो अप्पाराव घरी बसलेला, मोकळा. हे हिच्याच हातानं लिहावं का नाय, असा विचार केला, आणि म्हटलं, लिही. हिनं लिहिलं. लिहिता लिहिता हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. पुसले तिथं डोळ्याच्या कडेला पिवळं लागलं.

मी विचारलं, दिवसभर कंपनीत काय केलंस?

"कीबोर्ड उघडून साफ केला."

"आणि?"

"आणि काही नाही."

संशय पक्का.

१२ डिसेंबर, रविवार

आजचा हात दुसऱ्याचा आहे.

प्रयागी बापाला भाकर द्यायला गेली. माझा मल्हारी बिडकीनकडं मेंढरं बसवून आहे. कस्तुरा बाजारात. दुपारी दारात बघते तर अप्पाराव. मी त्याला आधी बघितलं नव्हतं, पण ओळखलं. प्रयागीनं सांगितलं होतं, चालताना खाली बघतो, बोलताना वर.

"प्रयाग आहे का, आजी?"

"नाय. लिहिता येतं ना तुला?"

"येतं की."

"मग बस. तिचं काम तू कर. मी सांगंन ते जसंच्या तसं. काय गाळायचं नाय."

"शब्द देतो."

तर लिही. पहिलं, माझा तुझ्यावर संशय आहे.

लिहिलं त्यानं. मला अक्षर कळत नाय, पण हात कळतो. कुठं अडला नाय.

दुसरं. तू त्या खोलीत चपला काढतो आणि हात जोडत नाय.

"धुळीसाठी काढतो, आजी."

तुझं कशाला लिहितोस, माझं लिही. "तुम्हीच म्हणालात गाळायचं नाही." बरं, असू दे.

तिसरं, तुमचं नामांतर. पहिल्यांदा पेटलं त्या साली आम्ही गंगेकाठी, म्हणजे गोदावरीकाठी, मेंढरं घेऊन होतो. पलीकडच्या गावातून धूर निघाला. आम्ही जाळी गुंडाळली आणि लांब निघून गेलो. धुरानं मेंढरं बावरली, आम्ही लई हैराण झालो.

त्यानं विचारलं, "गाव कुठलं, आजी?" मी नाव सांगितलं.

"आम्ही धुराच्या आत होतो," म्हणाला.

आणि हेही लिहिलं त्यानं, कारण शब्द दिला होता. मला पाणी प्यावंसं वाटलं. उठले, प्यायले, त्यालाही दिलं. मग तोच म्हणाला, "चौथं?"

चौथं, आणि मुद्द्याचं. माझ्या नातीच्या बोटांना हळद कुणी लावली?

"हळद?"

पिवळी बोटं. काल कंपनीतून आली तेव्हा. म्हणे कीबोर्ड उघडला.

तो स्वतःच्या बोटांकडं बघायला लागला. मग म्हणाला, "आजी, प्रयागनं कधी घरून भंडारा नेला होता का तिथं?"

नेला म्हणजे! मीच दिला, खंडेनवमीला. वर गुळाचं नारळपाणी. बटणाबटणावर शिंपडायला सांगितलं. म्हणून तर तुमचं मशीन अजून जिवंत आहे.

त्यानं पेन खाली ठेवलं. डोळे मिटून घेतले. मला वाटलं रडतोय, तर तो हसत होता, तोंड न उघडता.

"काय झालं रे?"

"चोच चिकटली, आजी. लहानची. आम्ही बटण दाबायचो, पण ते कधी आत पोचायचं, कधी नाही. नाही पोचलं की मशीनला वाटायचं, कुणी काही बोललंच नाही."

"मग जुना शब्द धरायचा! ती रीत तर मीच शिकवलीय."

"हो. तेच केलं त्यानं. आधी गट्टू तपासले असले की बुचांनाही गट्टूचंच चिन्ह लागायचं."

म्हणजे मशीन माझंच ऐकतं तर. मला बरं वाटलं. पण मी हुशार आहे, विषय सोडला नाय. म्हटलं, आता खरं सांग, कचेरीत जाऊन सह्या केल्यात का?

"नाही, आजी. शप्पथ."

"कुणाची? तुमच्यात देव नाय."

"मग तुमची घेतो."

आता चहा घेतल्याशिवाय जाऊ देणार नाय. उठायच्या आधी त्यानं विचारलं, "प्रयाग उद्या लिहायला बसेल, तेव्हा हे पान तिच्या समोर येईलच ना?" मी म्हटलं, येणार नाय तर काय, उडी मारून पुढं लिहील? "बरं," म्हणाला. मग तात्यासाहेबांकडं जाऊन हे ओरडून का सांगत नाय, असं मी विचारलं. म्हणाला, "हे तिनं सांगायचं, आजी. मी नाही."

शाई वाळेपर्यंत थांबतो आणि मगच डायरी मिटतो म्हणतोय. संशय आहे तिथंच आहे. पण स्वतःवरचा संशय इतका जपून लिहिणारा माणूस मी बघितला नव्हता.

१३ डिसेंबर, सोमवार, कामावर जायच्या आधी

प्रयागीला म्हटलं लिही, तर ही कालचं पान वाचत बसली. वाचून झालं की परत पहिल्यापासून. मी म्हटलं, वाचायचं नाय, पुढं लिहायचं.

"त्याला कळलंय," म्हणाली. "आणि मला शनिवारपासून माहीत होतं, हेही कळलंय."

"काय माहीत होतं?"

"काही नाही."

मी म्हटलं, "कायम व्हायची चिठ्ठी याच महिन्यात यायची आहे ना? मग कुणाच्या भांडणात तोंड घालू नको. गप बस."

"गप्प बसलं की काय होतं, आजी?"

"काय व्हायचं? चाललंय ते चालतं."

"तेच तर," म्हणाली. एवढं लिहून ही उठतीय. डबा घे गं.

संध्याकाळी लिहिलं: डबा राहिला.

१६ डिसेंबर, गुरुवार

अप्पाराव कामावर परत आला. मी विचारलं, तात्यासाहेब त्याला काय म्हणाले? माफी मागितली?

"चपला बाहेर काढ म्हणाले."

आणि आता ऐका. प्रयागीची बोटं आज काळी. घासून घासून धुतली तरी काळी, आणि अंगाला रबराचा वास. त्या थंड खोलीत रबर कुठून आलं?

"आता मी माल दाबायच्या यंत्रावर असते, आजी. त्या खोलीत थंडीनं सर्दी होत होती."

सर्दी? मी हिची शिंकसुद्धा ऐकलेली नाय.

"आणि कायमची चिठ्ठी?"

"बघू पुढच्या साली."

आधी पिवळी, आता काळी. कुणीतरी माझ्या पोरीला त्या खोलीतून उठवलं आणि आपण तिथं जाऊन बसला. अप्पारावाच्या नावाखाली आणखी एक रेघ मार म्हटलं. हिनं मारली नाय. मला अक्षर येत नसलं तरी रेघेचा आवाज येतो.

२० डिसेंबर, सोमवार

चंपाषष्ठीला भंडाऱ्याचा डबा जागेवर नव्हता. शोधून शोधून थकले तर वरच्या फळीवर, पार मागं सारलेला. माझा हात पुरेना. मल्हारी आलेला होता, त्यानं काढून दिला. पूजा झाली आणि आज बघते तर डबा परत वर. कस्तुरा म्हणती, मी नाय ठेवला. शेवटी हिचा संबंध लागलाच.

१५ जानेवारी १९९४, शनिवार

काल संक्रांत. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, मराठवाडा हे नावही राहिलं. रेडिओवर सांगितलं. आज संक्रांतीची कर. करीच्या दिवशी कुणी कुणाकडं जात नाय, आणि आमच्या दारात अप्पाराव आणि त्याची आई. भामाबाई माझ्याच वयाची, पण माझ्यापेक्षा ताठ. पेढे घेऊन आली होती.

मी तिला खोचून विचारलं, "मग, बाई? नाव लागलं. भाकर मोठी झाली का?"

"नाय वो. भाकर तेवढीच हाय," ती म्हणाली. "आज बसून खाल्ली."

मी पेढा घेतला. गोड होता. जास्त गोड नव्हता, पण हे तिला सांगितलं नाय.

मग तिनं प्रयागीला जवळ ओढलं, तिचे ते काळे हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाली, "लेकी, सगळं आपल्या अंगावर घेतलंस गं."

"काय अंगावर घेतलं?" मी विचारलं.

"सर्दी," प्रयागी म्हणाली.

अप्पारावाला ठसका लागला. त्याला पाणी दिलं. या दोघांचं काहीतरी आहे. हळदीचं नसंल, पण काहीतरी आहे.

तिळगूळ दिला सगळ्यांना. अप्पारावाच्या हातावर एक जास्तीचा लाडू ठेवला आणि म्हटलं, हा तुमच्या मशीनला. त्यालाही गोड बोलायला सांग.

"नको!" दोघं एकदम ओरडली. दारातली कोंबडी उडाली.

अप्पाराव लगेच मऊ झाला. "म्हणजे, त्याच्यावर आता झाकण घातलंय, आजी. आणि ते बोलायलाही शिकलंय. कुणी उत्तर दिलं नाही की जागच्या जागी थांबतं. परत विचारतं, मोठं का लहान? उत्तर येईपर्यंत हलत नाही. प्रयागनंच तसं करून दिलं, खोली सोडायच्या आधी."

म्हणजे माझी रीत काढली. मला न विचारता. लागलं मला ते.

पावणे गेल्यावर प्रयागी डायरी घेऊन बसली. मी म्हटलं, ते संशयितांचं पान काढ. पहिलं नाव खोड. बसून खाल्ली म्हणणाऱ्या बाईचं पोरगं आहे ते, त्याचं नाव तिथं बरं दिसत नाय. हिनं खोडलं. या वेळी रेघेचा आवाज आला, चांगला लांब.

"मग त्या जागी कुणाचं लिहू?" हिनं विचारलं.

मी विचार केला. तात्यासाहेबांचं आधीच आहे. कस्तुराचं आहे. म्हटलं, "आता तरी ठाऊक नाय. जागा मोकळी ठेव. मोकळी राहिली तर जुनंच नाव धरून चालायचं, नवा शब्द येईस्तोवर."

"नाही, आजी," प्रयागी म्हणाली. "ती रीत गेली आता. उत्तर ठाऊक नसलं की थांबायचं."

"कुठवर?"

"येईपर्यंत."

बरं, म्हटलं. थांबू. मला काय, बसलेलीच आहे. हीही पेन हातात धरून माझ्याकडं बघत थांबली. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. वरच्या फळीवरचा भंडाऱ्याचा डबा दिसला. कस्तुरा माझ्याहून बुटकी आहे. तिचा हात तिथं पुरायचा नाय. मल्हारी तर रानात असतो. या घरात उंच एकच आहे, आजावर गेलेली.

मी तिच्या काळ्या बोटांकडं बघितलं. भंडारा पिवळा असतो.

"लिहू का?" तिनं विचारलं.

"थांब," मी म्हटलं.